पाहुणे, आखाडा आणि रंगमंच

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवणं हे माझं काम. पाहुणे गाडीतून उतरतात तेव्हा त्यांची यादी ठरलेली असते. अंबाबाईचं दर्शन, न्यू पॅलेस, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि निघता निघता चपलांची खरेदी. या यादीशी माझं भांडण नाही. देवीच्या ओढीनं लोक येतात म्हणूनच इथल्या लॉजवाल्यांची, रिक्षावाल्यांची आणि माझीही चूल पेटते. पण कोल्हापूरच्या माणसाचा स्वभाव ज्या दोन वास्तूंत दिसतो, त्या या यादीत सहसा नसतात. एक खासबागेचं कुस्ती मैदान आणि दुसरं त्याला पाठ लावून उभं असलेलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. राजवाडा, किल्ला, देऊळ पाहून कळतं. नाट्यगृह आणि आखाडा तसा नुसता पाहून कळत नाही. तिथं काहीतरी चालू असताना, चार लोकांत मांडी घालून बसावं लागतं. आणि अशी बसणारी माणसं येत राहिली, तरच त्या वास्तू टिकतात.

माझा दिवस बहुतेक वेळा बिंदू चौकातल्या पार्किंगपासून सुरू होतो. गाडी लागली की पहिल्यांदा डोकी मोजायची. मग चपला कुठं ठेवायच्या, आजोबांना रांगेत टेकायला जागा मिळेल का, लहान मुलांना आधी काही खायला घालायचं का, हे बघायचं. दर्शनाच्या रांगेचा भरवसा नसतो. नवरात्रात, सुट्ट्यांत आणि किरणोत्सवाच्या दिवसांत तर नाहीच नाही. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात, तेव्हा देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते. रांगेतून बाहेर पडेपर्यंत दुपार होते. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन येतो, "ताई, आवरा लवकर, पन्हाळ्याचा घाट अंधारात नको." उरलेलं शहर मग खिडकीतून दाखवायचं. हा टाऊन हॉल, हा दसरा चौक, हा भवानी मंडप.

वेळ मिळाला तर न्यू पॅलेस होतो. मेजर चार्ल्स मँटनं आराखडा केलेला, १८८४ मध्ये पूर्ण झालेला हा काळ्या दगडाचा राजवाडा. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते मुलांना ओळखायला सांगितले की मुलं रमतात. टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात मी आवर्जून एक छोटी कांस्यमूर्ती दाखवते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला हा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचला होता, याचा तो साक्षीदार. लोक थांबतात, वाकून बघतात, पुढं जातात. काचेमागच्या वस्तूचं असंच असतं. तिची गोष्ट सांगणारं कुणी सोबत असेल तर ती बोलते, नसेल तर गप्प राहते.

खासबागेचं तसं नाही. माझं माहेर मंगळवार पेठेतलं. मैदान असलं की हलगीचा आवाज आमच्या माजघरात ऐकू यायचा आणि घरातले पुरुष जेवण उरकून पळायचे. नाटक असलं की आई आणि शेजारच्या काकू ठेवणीतली पातळं नेसून निघायच्या. आमच्या दृष्टीनं त्या दोन्ही जागा म्हणजे पेठेचीच अंगणं. पाहुण्यांच्या यादीत त्या नाहीत, हे काम करू लागल्यावर ध्यानात आलं आणि मी त्या यादीत घालायच्या ठरवल्या.

दोन्ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं. महाराज स्वतः तालमीत घुमलेले, मल्लांवर जीव टाकणारे. हजारो माणसांनी एका वेळी कुस्ती बघावी आणि कुणाच्याही डोक्याआड ती होऊ नये, असं मैदान आपल्याकडं हवं, हे त्यांच्या मनानं घेतलं. १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याच्या भोवतीनं चढत गेलेली गोलाकार बैठक. वरच्या कडेला बसलेल्या माणसालाही मल्लाची पकड दिसते. लगोलग १९१३ मध्ये शेजारीच नाट्यगृहाचं काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर तयार झालं. पुढं त्याला केशवरावांचं नाव मिळालं.

पाहुण्यांना मी हे सांगते तेव्हा आणखी एक गोष्ट जोडते. महाराज विलायतेत असतानाच, त्याच १९०२ सालच्या जुलैत, करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला. राज्यकारभारात सगळ्यांना जागा हवी म्हणणारा राजा करमणुकीतही सगळ्यांना जागा देत होता, असं मला वाटतं. संस्थानिकांनी स्वतःसाठी महाल बांधले, शिकारखाने बांधले, याची उदाहरणं देशभर आहेत. गावातल्या हमालानं आणि शेतकऱ्यानं संध्याकाळी कुठं बसावं, त्याला नीट दिसावं, नीट ऐकू यावं, याचा विचार करून दगड रचणारे थोडे. म्हणून मी खासबागेला शाहू महाराजांचं सगळ्यात बोलकं स्मारक मानते.

नाट्यगृह दाखवायची माझी एक पद्धत होती. प्रयोग नसलेल्या सकाळी, आधी विचारून, मी पाहुण्यांना आत नेत असे. पहिल्यांदा दार उघडून देणारे मामा मला म्हणाले होते, "रिकामं थेटर बघून काय मिळतंय ओ लोकांस्नी?" प्रश्न रास्त होता. रिकाम्या नाट्यगृहात खुर्च्या असतात, पडदा असतो आणि कोंदट वास असतो. म्हणून मी पाहुण्यांना शेवटच्या रांगांत विखरून बसवायची, स्वतः रंगमंचावर जाऊन उभी राहायची आणि ध्वनिक्षेपक न घेता, आवाज न चढवता केशवरावांची गोष्ट सांगायची.

गोष्ट अशी. केशवराव भोसल्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, इथलाच. घरची गरिबी, पोरवयातच नाटक कंपनीत गेले. 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं या पोराचं नाव झालं. १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी स्वतःची ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन मालक, एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एका रंगमंचावर आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव विषमज्वरानं गेले. वय अवघं एकतीस. त्यांच्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. गायक नट उभा राहायचा आणि त्याचा सूर शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आपल्या बळावर पोहोचायचा. वास्तूनं त्याला साथ द्यायची असायची, आणि ही वास्तू ती द्यायची.

एकदा इंदूरच्या मराठी मंडळींचा गट आला होता. त्यात शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. माझं बोलणं झाल्यावर त्यांना मी वर बोलावलं आणि एखादं नाट्यपद म्हणा म्हटलं. त्या आधी संकोचल्या. मग पदर खोचून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुखडा घेतला. पहिल्या आवर्तनात आवाज लावायला त्यांनी जोर केला, दुसऱ्यात कमी केला, तिसऱ्यात अगदी सहज गायल्या. थांबून म्हणाल्या, "इथे आवाज ढकलावा लागत नाही हो." गणेशोत्सवात वर्षानुवर्षं ध्वनिक्षेपकासमोर गाणाऱ्या बाई त्या. नाट्यगृहाच्या रचनेवर मी जे काही बोलले असते, ते त्यांनी एका वाक्यात सगळ्यांना पटवलं.

मग गटातल्या लोकांनीच विचारलं, आज रात्री इथं काय आहे? त्या दिवसांत राज्य नाट्य स्पर्धा चालू होती. तिकीट नाममात्र. पन्हाळा दुसऱ्या दिवशीच्या पहाटेवर ढकलला आणि सगळे थांबले. दुपारी चारच्या सुमाराला टेम्पोतून नेपथ्य उतरताना त्यांनी पाहिलं. दाराच्या चौकटी, एक पलंग, तुळशीवृंदावन. ज्यानं पलंग खांद्यावर उचलून आत नेला, तोच रात्री नायकाच्या बापाचं काम करणार होता. तो शिरोलीच्या फौंड्रीतली पहिली पाळी करून आला होता. नायिका एका पतसंस्थेत कारकून, तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. विंगेत इस्त्री चालू होती, दिवेवाला शिडीवर चढून एकेक दिवा फिरवत होता, दिग्दर्शक खाली उभा राहून "डावीकडं, अजून जरा, हां, बास" म्हणत होता. तिसरी घंटा झाली, नांदी झाली, आणि सकाळी रिकामी पाहिलेली जागा लोकांनी भरून गेली. नाटक काही असामान्य नव्हतं. पण ते करणारी माणसं पाहुण्यांनी दुपारी घामानं निथळताना पाहिली होती, त्यामुळं पडदा पडल्यावर टाळ्या मनापासून आल्या. बाहेर आल्यावर खासबागेतल्या खाऊ गल्लीत भेळ खाताना सगळे नाटकावरच बोलत होते. त्या सहलीतलं दुसरं काय लक्षात राहिलं हे मला माहीत नाही, पण त्या मंडळींनी पुढच्या वर्षी आणखी नातेवाइकांना पाठवलं आणि निरोप दिला की, आधी नाटकाची तारीख बघा, मग गाडीचं आरक्षण करा.

कुस्तीचं मैदान दाखवणं त्याहून अवघड. तारखा हाताशी नसतात आणि बायका-मुलींना घेऊन जायचं तर आधी संयोजकांशी बोलावं लागतं. पुण्याचं एक कुटुंब होतं, आईवडील आणि शाळकरी दोन मुली. वडिलांना यायचं होतं, आई जरा बिचकत होती. संयोजकांनी पुढं कडेला जागा करून दिली. आम्ही गेलो तेव्हा ऊन होतं आणि बारक्या पोरांच्या जोडी चालल्या होत्या. हलगी आणि घुमकं चालू. निवेदक एकेका पोराचं नाव, गाव, तालीम आणि वस्तादाचं नाव पुकारत होता. हौद्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली असते. तिचा वास वर बसलेल्यांपर्यंत येतो. धाकटीनं विचारलं, "माती खातात का हे?" तिच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. ते हसून म्हणाले, "खात न्हाईत बाळ, अंगाला लावत्यात. घामानं हात सटकतोय, मातीनं धरतोय."

त्यानंतर त्या आजोबांनीच मुलींचा ताबा घेतला. एक काट्याची जोड लागली. दोघांनी सलामी दिली, चिमूटभर माती कपाळाला लावली, एकमेकांच्या अंगावर टाकली. हात गुंतले, मानेवर कस सुरू झाला. बराच वेळ काहीच घडेना. मोठी मुलगी म्हणाली, "हे नुसते उभे का आहेत?" आजोबा म्हणाले, "उभं न्हाईत. त्यो त्याचा पाय बघतोय, ह्यो त्याची कंबर बघतोय. तुम्ही पायाकडं बघा." मुली पायांकडं बघू लागल्या. आणि खरंच, डाव्या पायाचा अंगठा मातीत रुतला, टाच उचलली, पुढच्या क्षणाला एक मल्ल दुसऱ्याच्या पाठीवर होता. वरचा बसला, खालच्यानं हात-पाय रोवून माती धरली. लोक उठून उभे राहिले. मुलींना वाटलं संपली कुस्ती. "पाठ टेकली न्हाई अजून. खांदा बघा, खांदा," आजोबा ओरडले. घिस्सा डाव लागला, एक खांदा टेकला, मग दुसरा. पंचांनी हात वर केला आणि हलगी अंगात आल्यासारखी वाजू लागली.

जिंकलेला पोरगा आधी वस्तादांच्या पाया पडला. मग लोकांच्या पुढून एक फेरी मारली. जो तो खुशीनं दहा, वीस, पन्नासची नोट त्याच्या हातात देत होता. आजोबांनी आपल्या खिशातल्या दोन नोटा मुलींच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "द्या जावा तुमच्या हातानं." मुली गेल्या, दिल्या. पोरगा त्यांच्याच वयाचा, लाजला. त्या मैदानात मुलींचीही एक जोड लागली होती. ती सुरू झाली तेव्हा त्यांची आई आमच्यात सगळ्यात पुढं सरकून बसली होती.

या मैदानाचा आणि या शहरातल्या तालमींचा लौकिक मी तेव्हा वेगळा सांगायला गेले नाही. आजोबांनीच सांगितला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला जायला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. हे सगळं बाकावर बसून पाठ केलेल्या माहितीसारखं नव्हतं. समोर मातीत पोरं लढत होती आणि आजोबा त्यांच्याकडं बोट दाखवत सांगत होते. गाइड म्हणून मी त्या संध्याकाळी फार थोडं बोलले, आणि तेच बरोबर होतं.

या शहरात करमणूक ही पेठांपेठांत रुजलेली गोष्ट आहे. फुटबॉलचा हंगाम आला की शाहू स्टेडियमच्या रस्त्यानं झेंडे घेतलेली पोरं जाताना दिसतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, हे सगळे फुटबॉल संघ तालमींतून आणि पेठेच्या मंडळांतून निघालेले. खासबागेजवळच गायन समाज देवल क्लब आहे, एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली गाण्याची संस्था. उस्ताद अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरच्याच दरबारात गायले. बाबूराव पेंटरांनी आपल्या हातानं कॅमेरा बनवून महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट काढले ते याच गावात, आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तीही इथंच. पुण्याला ती नंतर गेली. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना आश्चर्य वाटतं. मला त्यांच्या आश्चर्याचं वाईट वाटतं. इतकं असून ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं नाही.

न पोहोचण्याची कारणं साधी आहेत. कुठल्या आठवड्यात कुठं नाटक आहे, कुठं मैदान आहे, कुठं मैफल आहे, हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. मी चौकातले फलक वाचते, चहाच्या टपरीवर विचारते, नाट्यसंस्थांतल्या ओळखीच्यांना फोन करते. बाहेरगावच्या माणसाला हे कसं जमावं? दिशा दाखवणाऱ्या पाट्यांवर देवस्थानं आहेत, हॉटेलं आहेत, आखाडा क्वचित असतो. बायकांसाठी स्वच्छतागृह नसेल तर कुठलंही कुटुंब तीन तास बसत नाही. एका सहल कंपनीनं मला स्पष्टच सांगितलं होतं की, नाटक-कुस्तीचा वेळ दुकानांना द्या, दुकानाचं कमिशन तुम्हालाही मिळेल. मी ते काम सोडलं. त्या महिन्यात घरात ओढाताण झाली. पण पाहुण्याचा वेळ हा पाहुण्याचा असतो. तो त्याच्याकडून काढून दुकानाला विकणं मला पटत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. फोन आला आणि मी गेले तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. छपराचं जुनं लाकूड पेटलं होतं, अग्निशमनाच्या गाड्या एकामागून एक येत होत्या. मागच्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही झळ बसली. हौशी नाटकवाले, पडद्यामागची माणसं, जुने प्रेक्षक भिंतीला टेकून रडत होते. रंगमंच, पडदे, खुर्च्या, छप्पर, सगळं गेलं. दर्शनी दगडी भाग उभा राहिला.

त्या रात्री रस्त्यावर कोण आलं होतं, याचा मी नंतर खूप विचार केला. त्यात पतसंस्थेतली ती कारकून होती. मैदानात खुर्च्या लावणारी पोरं होती. खाऊ गल्लीतले गाडेवाले होते, जे नाटक सुटायच्या वेळेवर आपली कढई तापवतात. महापुरात आणि महामारीत हे गाव एकमेकांसाठी धावलेलं मी पाहिलं आहे, पण एका इमारतीसाठी इतकी माणसं रडताना त्या रात्रीच पाहिली. कारण त्यातला प्रत्येकजण कधी ना कधी आत बसला होता, किंवा आत उभा राहून काहीतरी केलं होतं. ज्या वास्तूत माणसं जात नाहीत, ती जळाली तर बातमी होते. इथं घरातलं माणूस गेल्यासारखं झालं.

त्यानंतर पाहुणे दगडी भिंतीसमोर उभे राहून फोटो काढू लागले. मी त्यांना थांबवलं नाही, पण तिथं फार वेळ थांबूही दिलं नाही. जळालेली भिंत दाखवणं माझ्या मनाला लागतं. मी त्यांना मैदानाकडं नेते, हौद्याजवळ उभं करते आणि सांगते की या शहरानं हे याआधीही पाहिलं आहे. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा इथला स्टुडिओ जाळला गेला. भालजी कर्जात बुडाले, पण पुन्हा उभे राहिले आणि पुढं कित्येक वर्षं चित्रपट काढत राहिले. 'साधी माणसं' आणि कुस्तीवरचा 'तांबडी माती' हे त्यानंतरचेच. म्हणजे जळालेलं उभं करता येतं. पण भालजींचा स्टुडिओ उभा राहिला तो तिथं पुन्हा चित्रपट झाले म्हणून. भिंती बांधून झाल्या एवढ्यानं तो जिवंत झाला नसता.

नाट्यगृह त्याच जागी, जुन्या रूपाला धरून उभं करायचं ठरलं, याचा मला आनंद आहे. पण दगडाला दगड जुळला म्हणजे काम संपलं, असं कुणी समजू नये. पुन्हा घंटा होईल तेव्हा भाडं इतकं असावं की फौंड्रीतल्या पोरांची नाट्यसंस्था ते भरू शकेल. आवाज पूर्वीसारखाच शेवटच्या रांगेपर्यंत जावा, केवळ यंत्रांच्या भरवशावर नव्हे. आग विझवायची, लोक बाहेर काढायची व्यवस्था कागदावर न राहता दर काही महिन्यांनी तपासली जावी. बाहेरच्या बाजूला महिन्याच्या कार्यक्रमांचा मोठा फलक असावा, मैदानाच्या तारखाही त्यावर असाव्यात. आणि ज्या सकाळी प्रयोग नसेल त्या सकाळी पाहुण्यांसाठी दार उघडं असावं, म्हणजे कुणा निवृत्त शिक्षिकेला तिथं मुखडा म्हणून बघता येईल.

पाहुण्यांनाही माझी विनंती आहे. कोल्हापूरला जरूर या. देवीचं दर्शन घ्या, पन्हाळा बघा, जेवा. पण एक मुक्काम वाढवा आणि ती संध्याकाळ या गावाच्या करमणुकीला द्या. नाटक असेल तर तिकीट काढा, मैदान असेल तर मातीजवळ बसा, फुटबॉलचा सामना असेल तर कुठल्या तरी एका पेठेचे होऊन ओरडा. तुमच्या गावातही असं एखादं जुनं नाट्यगृह असेल, एखादा आखाडा, एखादा वाचनालयाचा हॉल असेल. त्याच्या दारावरून जाताना नुसता अभिमान बाळगू नका, आत जाऊन बसा. शाहू महाराजांनी बांधून दिलं ते बसण्यासाठीच. त्याची राखण करायची तर तेवढं एक काम आपल्याला जमण्यासारखं आहे.